दोन बुरुजांमधले तीळभर अंतर

चालत्यास वाट आणि थांबल्यास सावली देणाऱ्या देवास नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध पक्ष, ते समयी एके डोंगराळ राज्यात, ज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, जयवंतराव महाराज सुखे राज्य करीत होते. राज्य म्हणावे तर लहानच; एक घाट, एक तळे, घाटमाथ्यावर हद्दीचा दगड, आणि राजगृहाचे मागे मोटारखाना. परंतु त्या मोटारखान्यात एक लाल, बुटकी, दोन आसनांची मोटार होती, आणि महाराजांनी ती तरुणपणी हौसेने आणविली होती, आणि तिचे छप्पर कापडाचे होते, आणि ती चालू केली म्हणजे तळ्यावरचे बगळे माना वर करीत. दर दसऱ्यास महाराजांनी स्वतः ती हाकावी, कन्येस शेजारी बसवावे, घाट चढावा आणि हद्दीचा दगड ओलांडून सीमोल्लंघन करावे, हा त्या राज्याचा परिपाठ. मग गतसाली विपरीत जाहले. घाटात हत्तीवळण म्हणोन एक थोर वळण आहे, तेथे मोटार अंगभर थरथरली, स्टिअरिंग महाराजांचे हाती डुचमळले, आणि महाराज तेथूनच माघारी फिरले. दगड त्या वर्षी ओलांडिलाच नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली खुंटीस लाविली आणि म्हणाले, "आमचे हात म्हातारे जाहले. पुढील दसऱ्यास एकवार पाहू. हत्तीवळणी पुन्हा तैसेच जाहले तर गाडी शेजारच्या संस्थानास द्यावी, आणि आम्ही पुन्हा चाकास हात लावणार नाही."

हे वर्तमान शेजारी पोचावयास उशीर लागला नाही. त्यांचे वकील विसाजीपंत नवरात्र बसताच येऊन उतरले, आणि रोज फराळ जाहला की पोटावरून हात फिरवीत मोटारीभोवती प्रदक्षिणा घालीत, आणि म्हणत, "आमच्याकडे सुखात राहील हो. काचेचे घर बांधिले आहे, बाहेर मोर आहेत. कोणी तिला चालवणारसुद्धा नाही." महाराजांची कन्या इरावती हे ऐके आणि तिचे जिवास लागे. ती परमुलखी पदार्थविज्ञान शिकोन नुकतीच आली होती, आणि तिचा स्वभाव ऐसा की कोणी "म्हातारपण" म्हटले तर ती विचारी, "कशाचे? कोणत्या भागाचे?" ती आईसाहेबांस म्हणाली, "आबासाहेबांचे हात नव्हेत. गाडी सैल जाहली आहे. मी दाखवून देते." आणि मनात म्हणाली, दाखविले नाही तर ते किल्लीबरोबर स्वतःसही खुंटीस लावतील.

मग ती मोटारीचे झाकण उघडून तासन्‌तास आत पाहात बसे. आत जणू एक लहानसे नगर वसले होते. मध्ये इंजिन निजलेले, नळ्यांच्या गल्ल्या, तेलाचा जुना उबदार वास, आणि डावे उजवे अंगास दोन पोलादी बुरूज, ज्यांचे पोटात पुढल्या चाकांच्या स्प्रिंगा डोके टेकून उभ्या असतात. दुपारचे ऊन कौलातून उतरे आणि त्या बुरुजांवर हळूहळू सरके, आणि इरावतीस वाटे की हे दोघे एकमेकांस काही सांगावयास झुकत आहेत. आणि तैसेच होते. गाडी वळली की सगळा भार एका अंगास जातो, आणि पोलाद वर्षानुवर्षे सोसून थकले असले तर बुरूज किंचित कलतो, चाक आपली जागा सोडते, आणि चालविणाऱ्यास वाटते की आपला हात चुकला. यावर उपाय एक. दोन्ही बुरुजांचे माथे जोडणारा आडवा दांडा बसवावा, त्यास मोटारवाले स्ट्रट बार म्हणतात, म्हणजे एक कलू लागला तर दुसरा त्यास धरतो. परंतु या जातीच्या मोटारीचा दांडा आता कोणी घडवीत नाही. मग शोध करिता करिता समुद्रकाठच्या एका शहरी तशाच मोटारीची खबर लागली. ती मोटार खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकिली होती, दांडा तेवढा शाबूत होता. तो जुन्या सतरंजीत गुंडाळून आला. रंग निळा, कोठे कोठे टवका उडून रुपेरी धातू दिसे, दोन्ही टोकांस अर्धचंद्राकार पत्रे. आणणारा इसम म्हणाला, "मालकीणबाईंनी सांगितलंय, गाडी गेली, एवढं राहिलंय. ज्या गाडीला बसेल तिला वळणावर हळू न्या म्हणावं."

आता मोटारखान्याचे दारोगा दाऊदमिया. त्यांचा एक नेम होता, उस्तादापासोन आलेला, की गाडी उचलल्यावाचून तिच्या अंगास पाना लावू नये. ते म्हणाले, "बाईसाहेब, आजारी माणसाला आधी खाटेवर घेतात की नाही? तसं आहे हे." आणि त्यांनी जॅक लावून मोटार पुढून उचलिली, खाली लाकडी ठोकळे दिले, आणि चाके हवेत लोंबू लागली. प्रत्येक बुरुजावर तीन नट होते, त्यांतील एक राखून दोन काढिले, आणि दोघांनी दांडा दोन्ही हातांनी, पाळण्यातले मूल ठेवावे तैसा, जागी ठेविला. डावीकडे बसला. उजवीकडे भोके बोल्टांवर येईनात. आखूड पडला, किती म्हणाल तर तीळभर. ढकलून पाहिले, उलट करून पाहिले, दाऊदमियांनी त्यास आधी गोडीने आणि मग शिवी हासडून संबोधिले, तरी तीळभर अंतर तैसेच. इरावतीने व्हर्नियर आणून मोजिले, पुन्हा मोजिले, आणि म्हणाली, "मापात चूक नाही. दांडाच वाकला आहे. त्या गाडीच्या अंगाची सवय घेऊन आला आहे." दाऊदमिया म्हणाले, "मग सवय मोडू. भोकं कानशीनं लांब करतो, बसेल गपगुमान." इरावती म्हणाली, "भोक मोठे जाहले की तो तेथेच हलेल, मग बांधून न बांधिल्यासारखे." विसाजीपंत दाराशी सुपारी कातरीत होते, ते बोलिले, "बाईसाहेब, कष्ट कशाला? जुनी गाडी, जुना दांडा, दोन्ही द्या आमच्याकडे. शेजारी शेजारी ठेवू." इरावतीचे डोळे भरोन आले, ते तिने झाकणाआड लपविले, आणि दुसरा मार्ग न दिसोन म्हणाली, "ठीक आहे दाऊदमिया. आणा कानस."

कानस यावयाचे आत आईसाहेब आल्या. त्या दिवशी खंडेनवमी होती, आणि त्या राज्यात नेम ऐसा की खंडेनवमीस सगळी हत्यारे धुऊन, पुसून, पाटावर मांडून पूजावी, आणि एकदा कुंकू लागले की दसऱ्याची सकाळची पूजा होईतो कोणी उचलू नये. आईसाहेबांचे हाती तबक, मागे दासी पाट घेऊन. म्हणाल्या, "द्या सगळं. पाने, पकडी, हातोडा. ती कानस पण." दाऊदमियांनी हळूच कानस पाठीमागे नेली. आईसाहेब म्हणाल्या, "दाऊदमिया, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही हेच करता." कानस पाटावर आली. "आणि इरा, ते तुझं मोजायचं?" "आईसाहेब, ते हत्यार नव्हे, ते व्हर्नियर." "त्याच्यावर पोट भरणार आहेस ना? मग हत्यारच." व्हर्नियर पाटावर गेले. मग आईसाहेबांची नजर मोटारीखाली गेली. "आणि जॅक?" दाऊदमिया काकुळतीस आले. "जॅक काढला तर गाडी खाली येईल, आईसाहेब." "येऊ दे की. सणासुदीची बिचारी तंगड्या वर करून का उभी? गेल्या साली जॅक पूजेचा राहिला, तेव्हाच मला खटकलं होतं." ठोकळे काढिले, जॅक उतरविला, मोटार हळूहळू खाली आली, चाके भुईस टेकली, आणि सगळ्या मोटारीने एक दीर्घ निःश्वास टाकिला ऐसे इरावतीस वाटले. जॅकला हळदकुंकू जाहले. आता दांडा तेवढा इरावतीचे हाती राहिला. आईसाहेबांनी विचारिले, "हा कोण? हत्यार की गाडी?" प्रश्न नेमका होता, म्हणोन इरावतीने क्षणभर विचार केला. म्हणाली, "गाडी." "मग गाडीचं गाडीवर ठेव. पाटावर जागा नाही."

इरावतीने आज्ञा म्हणोन, मनात आस न धरिता, दांडा बुरुजांवर आडवा ठेविला. डावीकडे बसला. आणि उजवीकडे, कोणी दार आतोन उघडावे तैसे, बोल्ट भोकांतून वर आले, पत्रा बुरुजास टेकला, आणि टक असा लहान आवाज जाहला. मग तिने दांडा उचलिला, पुन्हा ठेविला. पुन्हा टक. झेंडूचा वास येत होता, ऊन बुरुजांवर सरकत होते, आणि दोन्ही बुरुजांमधले अंतर बरोबर दांड्याएवढे होते. "दाऊदमिया," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आपण अधांतरी गाडी मोजली. भार नव्हता तेव्हा बुरूज दूर गेले होते. चाकांवर उभी राहिली, भार आला, आणि ते जवळ आले. दांडा सरळच आहे." दाऊदमिया पाटावरच्या कानशीकडे पाहात राहिले. म्हणाले, "या अल्ला, भोकं वाढवून ठेवली असती मी." मग हसले. "उस्ताद असते तर त्यांनाच आधी खाटेवरून उतरवलं असतं." पान्यास हात लावावयाची सोय नव्हती, म्हणोन दोघांनी नट बोटांनीच फिरविले, आणि विसाजीपंतांनी सुपारी कातरणे थांबविले.

दुसरे दिवशी दसरा. पूजा जाहली, हत्यारे मोकळी जाहली, आणि कुंकू लागलेल्या पान्याने इरावतीने नट आवळिले. झेंडूचा हार मोटारीचे नाकावर चढला. महाराज आले, अंगरख्याची बाही सारखी केली, झाकणाखाली डोकावले आणि निळा दांडा पाहून म्हणाले, "हा परका दिसतो." इरावती म्हणाली, "कालपासोन आपला." "धरील?" "धरील, आबासाहेब." "मग बैस."

छप्पर उघडे होते. तळ्यावरचे बगळे माना वर करोन पाहू लागले आणि मागे राहिले. घाटास सोनकीची पिवळी फुले दाटली होती, आणि उन्हात त्यांचा रंग रस्त्यावर सांडल्यासारखा दिसे, आणि मोटार त्या रंगातून पोहत चालली आहे की रस्ताच मोटारीखालून झोपेत सरकतो आहे, हे कळेना. मग हत्तीवळण आले. महाराजांनी स्टिअरिंग वळविले, आणि मोटार वळली. थरथरली नाही, डुचमळली नाही, कागदावर कंपासने रेघ ओढावी तैसी वळली. इरावतीचे तोंडी हर्ष आला, तिने वडिलांकडे पाहिले, आणि मग त्यांचे हातांकडे. गाडी स्थिर होती, स्टिअरिंग स्थिर होते, आणि त्यावरचे दोन्ही हात कापत होते, अगदी बारीक, पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी तैसे. महाराजही तिकडेच पाहात होते. वळण संपले. ते म्हणाले, "इरा, गाडी थरथरत नाही." "नाही, आबासाहेब." "मग हे कोण थरथरते?" इरावतीस लबाड बोलावयास हजार वाटा दिसल्या, परंतु तिने एकही घेतली नाही. म्हणाली, "हात."

महाराज मोकळे हसले. म्हणाले, "गेल्या साली दोघे मिळून थरथरत होते. गाडीने माझ्यावर ढकलावे, मी वयावर ढकलावे. आता तू एकास धरून ठेविलेस, तेव्हा दुसरा सापडला." इरावती म्हणाली, "मला तो सापडावयास नको होता." "मला हवा होता," महाराज म्हणाले. "सगळेच गेले ऐसे समजोन बसलो होतो. गेले ते एवढेसेच." मग हद्दीचा दगड आला, आणि महाराजांनी तो स्वतः ओलांडिला, गाडी बाजूस लाविली, आपट्याची दोन पाने खुडिली, एक दगडावर ठेविले आणि दुसरे कन्येचे हाती दिले, आणि पानाबरोबर किल्ली. म्हणाले, "गाडी वळणी टिकली. म्हणोन वकिलांस सोने देऊन रिकाम्या हाती पाठवावे. आणि चाकास हात लावणार नाही म्हणालो होतो, ते गाडी डुचमळली तर. तेव्हा सणावारी सपाटीस मी चालवीन. घाट तुझा." आणि ते फिरून डावीकडचे आसनी जाऊन बसले. इरावती उजवीकडे बसली. उतरणीस पहिलेच वळण आले तेव्हा सगळ्या गाडीचा भार तिला प्रथमच आपले तळव्यांत कळला, आणि पुढे झाकणाखाली दोन बुरूज एकमेकांस धरून उभे आहेत हेही कळले. तिने एकवार बाजूस पाहिले. महाराजांचे हात मांडीवर ठेविले होते, उघडे, आणि अगदी निश्चल होते.

येणेप्रमाणे जुन्या मोटारीस जुना दांडा बसला, ती राज्यातच राहिली, घाट वारसास पोचला, आणि विसाजीपंत आपट्याचे पान घेऊन मोरांकडे गेले. त्या राज्यात अद्यापि गाडी चाकांवर उभी करूनच मापितात. इतके जाहले, इतके लिहिले.