जंतूंचं वकीलपत्र

इंजेक्शन देणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं माझं ठाम मत होतं. मोठी गोष्ट म्हणजे पेशंटला पटवणं, आणि त्या बाबतीत आमच्या वर्गात माझ्या पासंगाला पुरणारं कोणी नव्हतं. बाकीची मुलं शाळा संपवून थेट नर्सिंगला आली होती. मी आलो होतो वकील होऊन!

आमच्या घरात वकिली आजोबांपासून चालत आलेली. मीही रीतसर डिग्री घेतली, काळा कोट शिवला, वडिलांच्या हाताखाली वर्षभर फायली वाहिल्या. मग वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांच्या उशाशी बसून राहिलो. तिथे माणसं कण्हत यायची आणि टाके काढून चालत घरी जायची. आमचे अशील कोर्टात चालत यायचे आणि कण्हत जायचे. मला ते हॉस्पिटल मनापासून आवडलं. मी नर्सिंगला जातो म्हटल्यावर आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. वडील म्हणाले, "जा. कोट कपाटात ठेवतो. लागेलच."

हे 'लागेलच' माझ्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने इंजेक्शन देणार होतो. पाहायला खुद्द इन्चार्ज सिस्टर. त्यांनी होकार दिला तर पुढे जायचं, नाही दिला तर सगळं सत्र पुन्हा. आणि असं झालं तर पुढची तारीख मिळणार नाही, मुकाट्याने ऑफिसात यायचं, असं वडिलांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे एका सुईच्या टोकावर माझं सगळं पुढचं आयुष्य उभं होतं.

पेशंट शिंपी होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, पण जखम लाल झाली होती आणि अंगात ताप होता. स्वभावाने अगदी गरीब. जन्म सुईत गेला, तुमच्या सुईला काय भ्यायचं, असं म्हणून ते स्वतःच कुशीवर वळले आणि पायजमा खाली करून माझ्यासाठी जागाही मोकळी करून दिली. तेवढ्यात सिस्टरांना फोन आला. तयारी करा, आलेच मी, असं सांगून त्या बाहेर गेल्या.

मी हात धुतले, औषध भरलं, हवा काढली. सगळं पुस्तकात दिल्यासारखं. पेशंटला माहिती द्यावी, त्याची संमती घ्यावी, हेही पुस्तकात होतं. इतर मुलं हे एका वाक्यात उरकतात. मी संमती या विषयात वर्गात पहिला आलो होतो. मी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली.

औषधाने क्वचित पुरळ येतं, हे सांगितलं. त्याहून क्वचित चक्कर येते. फारच क्वचित श्वास अडकतो. सुई चुकीच्या जागी गेली तर पाय बधिर होऊ शकतो. ती देणारा नवखा आहे, ही बाबही मी प्रामाणिकपणे समोर ठेवली. शेवटी, नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, असं सांगून मी थांबलो. समारोप छान झाला होता.

शिंपीकाकांनी थोडा विचार केला आणि पायजमा वर ओढला.

"मग नको," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते. इतकी वर्षं ही माहिती आपल्यापासून दडवली गेली, याचा त्यांना संताप आला. त्यांना इंजेक्शन लिहून दिलेलंच नव्हतं, तरी त्यांनी ते घ्यायला नकार दिला. समोरच्याने त्यांची री ओढली. खिडकीजवळच्याने सलाइन काढा म्हटलं. कोपऱ्यातल्याने तर दूध परत पाठवलं! मी प्रत्येकाकडे धावत जाऊन समजावत होतो, आणि मी जितकं समजावत होतो तितकं वॉर्डचं मत पक्कं होत होतं.

सिस्टर परत आल्या तेव्हा मी हातात भरलेली सिरिंज घेऊन मधोमध उभा होतो. मास्तरांनी त्यांना सगळं ऐकवलं, माझी स्तुतीही केली. सिस्टरांनी शिंपीकाकांचा ताप पाहिला. तो वाढला होता. घरचा कोट डोळ्यांपुढे आला, हे खरं, पण त्याच्याआधी मला त्या साध्या माणसाची काळजी वाटली. माझ्या बोलण्याने त्यांचं औषध थांबलं होतं.

"औषध घेतल्याने काय होतं ते सांगितलंत," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "नाही घेतलं तर काय होतं, ते?"

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"तुम्ही जंतूंचं वकीलपत्र घेतलंय का?"

खरोखरच मी एकाच पक्षाची बाजू मांडली होती, आणि तीही समोरच्या पक्षाची! मी पुन्हा खुर्ची ओढली. जखमेत पू कसा धरतो, तो पोटात कसा उतरतो, रक्तात कसा मिसळतो, मग पुन्हा पोट कसं उघडावं लागतं, सगळं सांगितलं. सिस्टर पुरे पुरे म्हणत होत्या, पण आता मला थांबवणं कठीण होतं. शिंपीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला आणि पायजमा खाली गेला.

"दोन्ही बाजूंना द्या," ते म्हणाले.

मी एकाच बाजूला दिलं. काकांनी झालं का म्हणून विचारलं, तेव्हा मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. फक्त आता मास्तरही कुशीवर वळायची धडपड करत होते. खिडकीजवळच्याला सलाइन हवं होतं, तेही जरा जास्त. कोपऱ्यातला दुधासाठी हाका मारत होता. त्या सगळ्यांना शांत करता करता सिस्टरांचा घसा बसला.

शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. हात चांगला आहे, पास, असं म्हणाल्या. आणि उद्यापासून तुमची ड्यूटी ऑपरेशन थिएटरमध्ये.

वर्गातल्या कोणालाच इतक्या लवकर थिएटर मिळालेलं नव्हतं! मी तरंगतच घरी गेलो. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझी वक्तृत्वशैली, सिस्टरांवर पडलेली छाप, सगळं रंगवून सांगितलं. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तिथले पेशंट बेशुद्ध असतात ना?"