उमाजीने भिंत सारवली

गिरजा भाचीच्या लग्नाला चामोर्शीला गेली आणि घरात उमाजी एकटा उरला. मालगुजारी नुकतीच बुडाली होती, गावच्या बोडीवर, त्या लहान तळ्यावर, मासे धरायला आता जमीनदाराचा दरारा नव्हता. पण वैशाखात बोडीतच पाणी नव्हते. जाळे टाकावे तर चिखल वर यायचा. रिकामा माणूस काहीतरी भले करायला जातो आणि तिथेच घात होतो. बायको येण्याआधी घर पांढऱ्या मातीने लख्ख करावे, असे उमाजीने ठरवले.

भिंतीवर शेणाचे चपटे गोळे थापलेले होते. पाण्याखालचा मासा ओळखणाऱ्या या माणसाने घरातली भिंत कधी नीट पाहिली नव्हती. त्याने सगळे गोळे खुरप्याने खरवडले, उकिरड्यावर टाकले आणि भिंत सारवली.

शेजारची रंभा विस्तव मागायला आली ती दारातच थबकली.

"भाऊ, इथलं बी कुठी गेलं?"

"कोनतं बी?"

"शेनात थापलेलं. माये भोपळे होते, भागीरथाबाईचे कारले होते. साऱ्या मोहल्ल्याचं बी गिरजाबाई ठेवते. तिच्या हातचं किडत नाई ना."

इतक्या वर्षांत गिरजेने कमावलेला विश्वास त्याने एका सकाळीत उकिरड्यावर नेऊन टाकला होता.

रंभेची पाठ फिरताच त्याने उकिरडा उपसायला घेतला. एकेक गोळा हुडकून, ताजे शेण लावून पुन्हा भिंतीवर चिकटवला. पण कोणाचे बी दाराजवळ आणि कोणाचे कोनाड्याखाली, हे एकटी गिरजाच जाणे. उमाजीने देवाचे नाव घेतले आणि जागा दिसेल तिथे थापत गेला.

गिरजा आली. तिने भिंतीकडे पाहिले, "बरं सारवलं," म्हणाली आणि पाण्याला गेली. उमाजीचा जीव भांड्यात पडला.

मृग लागताच बाया आपापले बी न्यायला आल्या आणि गिरजेने भिंतीवरचे गोळे काढून दिले. शेणाचेच खत होई म्हणून गोळा कुणी फोडत नसे, अख्खाच आळ्यात पुरत. वेल छपरांवर चढू लागले तसा उमाजी मोहल्ला टाळून आडवाटेने बोडीवर जाऊ लागला. अखेर भादव्यात भागीरथाबाईचा नवरा मुखरू काठी घेऊन दारात उभा राहिला.

"उमाजीभाऊ, औंदा आमच्या छपरावर भोपळे लागले."

"चुकी झाली भाऊ, मीच..."

"आयका तं. लगन झालं तवापासून कारले खाऊन राह्यलो. तेच बी, तेच कारले. काल पहिल्यांदा पोटभर जेवलो." मुखरूचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार फिटाचे नाई. आन् रंभाबाई बी खुश हाय. कारल्याची भाजी केली, तं सासू दुसऱ्यांदा मागत नाई म्हन्ते."

तो गेल्यावर उमाजीला राहवेना. आत जाऊन त्याने गिरजेपुढे सगळे कबूल केले.

"मले आल्या दिवशीच समजलं," ती म्हणाली. "माया हात असा वाकडा थापत नाई. शेन तडकलं होतं, आतलं बी दिसे. पन तुमी उकिरड्यातून सारं येचून आनलं, एकबी वाया जाऊ देल्लं नाई. मले तेच लय वाटलं."

अशी बायको मिळाली म्हणून उमाजीचा ऊर भरून आला. तरी त्याने विचारलेच.

"पन तुले दिसत होतं, तं ज्याचं त्याले काऊन नाई देल्लं?"

गिरजेने आपल्याच छपरावरची कोवळी काकडी विळीवर धरली.

"मंग आपल्या वाट्याले पुन्हा दोडकेच आले असते ना."