चाळीस पत्ते, दहा हळदीकुंकू

या वर्षी आपण दिलेलं वाण चेन्नईतल्या आदंबाक्कममधली एकही बाई पुढच्या घरी ढकलू शकणार नाही, असं रुचिराने उपेंद्रला ठणकावून सांगितलं, तेव्हा तो दाढी करत होता आणि इरुंगाट्टुकोट्टैला जाणारी कंपनीची बस यायला नऊ मिनिटं उरली होती.

"ढकलतात म्हणजे?" फेसातून प्रश्न आला.

"म्हणजे गेल्या नवरात्रात मी दिलेला पोपटी ब्लाऊजपीस सहा घरं हिंडून दसऱ्याला माझ्याच ओटीत येऊन पडला. घडीसुद्धा माझीच होती."

"मग या वर्षी काय देणार?"

"ते गुपित आहे. एवढंच सांगते, दुकानात मिळत नाही, हाताने केलंय आणि प्रत्येकीला वेगळं."

हेच वाक्य, याच तोऱ्यात, तिने खालच्या मजल्यावरच्या सरोजा मामींनाही ऐकवलं. तिथेच घात झाला.

गुपित म्हणजे आठ छोटे बटवे होते. जुन्या रेशमी परकराचे, रुचिराने स्वतः शिवलेले, आणि प्रत्येकात वेगळ्या फुलाचं बी. ते कपाटात, तिसऱ्या कप्प्यात, चादरीखाली होते. पण दुकानात न मिळणारी, हाताने केलेली आणि प्रत्येक वेगळी अशी आणखी एक वस्तू त्या घरात होती, आणि ती नेमकी जेवणाच्या टेबलावर होती.

तो होता रुचिराचा पत्त्यांचा खेळ. आठ प्राणी, आणि प्रत्येकाच्या संसाराची चार पानं: पाणी, खाणं, आसरा आणि मोकळी जागा. चारही जमवल्याशिवाय प्राणी टेबलावर उतरत नाही. वाघाला गवत लागतं, कारण गवताशिवाय हरीण नाही, आणि हरणाशिवाय वाघ कशाला येईल? गिंडीच्या रानातलं काळवीट होतं, किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव होतं, आणि लेकीच्या, रेवाच्या, हट्टाखातर एक पाल होती, जिचा आसरा ट्यूबलाइटमागे होता. रेवा दुपारी झोपायची तेवढ्या वेळात, म्हणजे कधी चाळीस मिनिटं तर कधी चारच, असं करत रुचिराने सहा महिन्यांत ही चाळीस चित्रं रंगवली होती. कासवाचे डोळे झोपेतून नुकत्याच उठलेल्या रेवासारखे झाले होते. ते तिने मुद्दाम बदलले नाहीत.

नुंगंबाक्कमला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या कमलिनीबाईंनी हा खेळ शनिवारी सकाळी अकराला बघायला मागवला होता. माहेर नागपूरचं आणि सासर मैलापूरचं, त्यामुळे त्या स्पष्ट बोलत आणि तेही दोन भाषांत. "चाळीसच्या चाळीस आणा," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "आवडला तर संध्याकाळी शिवकाशीला छापायला जाईल. हा शनिवार गेला की सगळे छापखाने कॅलेंडरात बुडतात. मग मी जानेवारीत बघेन, आणि जानेवारीत मी काय बघेन ते मलाच माहीत नसतं."

म्हणून रुचिराने एकेका प्राण्याची पाच-पाच पानं जुळवून, वर लाल फीत बांधून, आठ गठ्ठे टेबलावर मांडून ठेवले होते. गुरुवारी संध्याकाळी हळदीकुंकवाला आठ जणी आल्या. सगळ्या उठायच्या बेतात असताना रेवाने कुंकवाचा करंडा डोक्यावर पालथा घातला.

"तूं लेकराकडे पाहा," सरोजा मामी म्हणाल्या. त्यांचं घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वीची मराठी त्या जपून वापरत, तांब्यापितळेच्या भांड्यांसारखी. "पानसुपारीच्या पिशव्या मीं देतें. काय घालायचें तें ठाऊक आहे मला."

रुचिराने न्हाणीघरातून कृतज्ञतेने हुंकार भरला.

शुक्रवारी दुपारी रेवाला झोपवून तिने चादर घ्यायला कपाट उघडलं. तिसऱ्या कप्प्यात आठही बटवे जागेवर होते. मग तिने सावकाश मान वळवून टेबलाकडे पाहिलं. टेबलावर मिठाची बाटली होती.

झोपलेल्या रेवाला तशीच खांद्यावर टाकून ती जिना उतरली.

"फार छान झालें हो तुझें वाण," मामींनी दारातच सांगितलं. "सगळ्या मणाल्या, असें कोणीं दिलें नाहीं."

रुचिराने काय झालं ते सांगितलं. मामी म्हणाल्या, "पण आतां परत कसें मागशील? पानसुपारीबरोबर दिलेलें कोणी परत मागतें काय? तेंही शुक्रवारीं?"

"मामी, उद्या अकरा वाजता मला चाळीस पानं हवीत. सहा महिने झोप खर्ची घातलीय मी. माझी नाही, हिची."

मामींनी विचार केला. असल्या प्रश्नांवर त्यांचा शब्द तीन रस्त्यांत चाले. "मागायचें नाहीं. घ्यायचें. तूं त्यांच्या घरीं कोलू पाहायला जायचें. बसायचें, देवापुढें गाणें मणायचें, कुंकू घ्यायचें, सुंडल खायचें. मग त्या तुला पिशवी देतील, त्यांत तुझें पान घालून. परत मागणें नाहीं, परत देणें नाहीं. सेरी?"

"आठ घरी?"

"सगळ्यांना मीं फोन करून ठेवतें, तूं येतेस मणून."

हा फोन मामींनी मायेपोटी केला, पण त्याचा परिणाम भयंकर झाला. चेन्नईत नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू. तो बघायला कोणी सहज आलं तर द्रोणभर सुंडल पुरतं. म्हणजे आपली कोरडी उसळच, वर ओलं खोबरं घातलेली. पण सांगून येणाऱ्या पाहुणीला ताट लागतं. आठही घरांत कुकर चढले.

सुरुवात मामींच्याच घरून करावी लागली, कारण वाघाचा गठ्ठा त्यांच्याकडे होता. खरं म्हणजे त्यांच्या यजमानांच्या हातात होता. रेल्वेतून निवृत्त झालेले गुरुमूर्ती मामा व्हरांड्यात चंद्रमौळी नावाच्या मित्राबरोबर बसले होते आणि दोघांनी त्या पाच पानांत नेहमीच्या पत्त्यांचा जोड मिसळून रमी मांडली होती.

"मामा, तो वाघ..."

"वाघ आहे मणून तर डाव माझा आहे," मामा पानांवरून नजर न काढता म्हणाले. "हा संपूं दे."

डाव संपायला पाऊण तास लागला. तेवढ्यात आत रुचिराचं गाणं झालं. तिला देवापुढे म्हणण्याजोगं एकच गाणं येत होतं, शाळेत हत्तीभोवती फेर धरून म्हटलेलं भोंडल्याचं. त्याला सोळा कडवी होती, आणि शेवटाशिवाय कुठे थांबावं हे तिला कधीच कळलं नव्हतं. मामींना ते इतकं आवडलं की त्यांनी तत्काळ पुढच्या सात घरी कळवलं.

पहिल्या मजल्यावर रंजनीच्या दारात पाऊल टाकलं तर घरातल्या सगळ्या बायका सतरंजीवर बसूनच होत्या. "ते हत्तीचं गाणं," रंजनीने फर्माइश केली. ती शाळेत सायन्स शिकवायची. सोळा कडवी झाली, कुंकू झालं, हरभऱ्याचं सुंडल झालं. मग रुचिराने पायऱ्यांच्या खाली पाहिलं. कोलूपुढे नाचणी पेरून उगवलेलं बोटभर रान होतं, आणि त्या रानात तिचं काळवीट उभं होतं. त्याचं पाणी आरशाच्या तळ्याशेजारी, त्याचं गवत गवतात. एकूण एक पान जिथल्या तिथे, मागून फेव्हिकॉलने काडी चिकटवून.

"तुझा खेळ मला लगेच कळला," रंजनी अभिमानाने म्हणाली.

"अगं, पण ती पानं मला..."

"आता?" रंजनीच्या सासूबाई मध्ये पडल्या. "कोलूत मांडलेलं विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत. जागा रिकामी ठेवायची नसते."

रुचिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीही होती त्यात, पण सगळं मिरचीचं नव्हतं. तेव्हा मामींकडेच जागी झालेल्या रेवाने आपल्या फ्रॉकच्या खिशातून हिरवा प्लॅस्टिकचा डायनोसॉर काढला. "याला ठेवा," ती म्हणाली. "याला घर नाही."

सासूबाईंनी डायनोसॉर उलटसुलट करून पाहिला. तो बाहुलीच होता, त्यामुळे शास्त्राची हरकत नव्हती. अशा रीतीने रंजनीच्या घरी त्या वर्षी कृष्णाच्या गाईंशेजारी डायनोसॉर चरू लागला, आणि पायाशी नाचणीची दोन पाती घेऊन काळवीट सुटलं.

मग मूग. मग चवळी. मग मटार. तिसऱ्या घरी कासवाच्या समुद्रावर कॉफीचा पेला टेकलेला सापडला. चौथ्या घरच्या आजींनी गाणं लिहून घ्यायचं म्हणून दोनदा म्हणायला लावलं. पाचव्या घरच्या सुनेने हात जोडले. तिने ती पिशवी, आतलं न बघता, सकाळीच नणंदेला देऊन टाकली होती. नणंद दोन रस्त्यांपलीकडे. तिथे सोळा कडवी आणि राजमा झाल्यावर कळलं, की नणंदेने ती दुपारी शेजारणीला दिली. शेजारणीकडे पाल मिळाली, ट्यूबलाइटसकट. प्रत्येक घरी रेवा आईच्या मांडीशी टेकून नीट बघत होती: आधी गाणं, मग कुंकू, मग खाऊ, मग पान. चौथ्या घरापासून क्रम चुकला तर ती यजमानीणबाईंना आठवण करून देऊ लागली.

दिवेलागणीनंतर चांगल्या तासाभराने, दहा हळदीकुंकू, अकरा वेळा गाणं आणि नऊ जातींची कडधान्यं आटोपून रुचिरा घरी आली. तिने पानं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीसच. मग तिने उपेंद्रला हाक मारायला तोंड उघडलं आणि घशातून दार करकरल्यासारखा आवाज आला.

सकाळी तोही येईना.

गरम पाणी झालं, हळददूध झालं, मामींनी मिऱ्याचा रसम पाजला. उपेंद्रला शनिवारी सुट्टी नव्हती. साडेदहाला रुचिरा पत्ते, खेळाच्या नियमांचे सहा टाइप केलेले कागद आणि रेवाला घेऊन रिक्षात बसली, आणि अकरा वाजता नुंगंबाक्कमला तिसऱ्या मजल्यावर कमलिनीबाईंसमोर उभी राहून, गळ्याकडे बोट दाखवून, ओशाळं हसली.

"बसला?" कमलिनीबाई म्हणाल्या. "कशाने?"

"गाऊन गाऊन," रेवाने सांगितलं.

कमलिनीबाईंनी नियमांचे कागद उचलले. पहिल्या पानावर गुण मोजायचा तक्ता होता, दुसऱ्यावर त्या तक्त्याचे अपवाद. तिसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे खेळायचं कसं, कोणी सांगेल का मला?"

रुचिराने मान हलवली, हातवारे केले, हवेत एक कासव काढलं.

"मी सांगते," रेवा म्हणाली आणि खुर्चीवर गुडघे टेकून पत्ते वाटू लागली.

चार फेऱ्या सुरळीत गेल्या. कमलिनीबाईंकडे कासव आलं, वाळू आली, खडकाचा आसरा आला, शेवाळ आलं, अडलं पाण्याशी. पाणी रेवाकडे होतं.

"दे बाई ते पाणी."

"आधी गाणं."

रुचिरा दचकली. नियमांच्या सहा कागदांत कुठेही गाणं नव्हतं. ती दोन्ही हात हलवून नको नको म्हणू लागली. कमलिनीबाईंना वाटलं, आई आग्रह करतेय. त्यांनी दाराकडे पाहिलं, घसा खाकरला आणि अगदी हलक्या आवाजात, नागपूरला कोणीतरी त्यांना झोपवताना म्हटलेल्या दोन ओळी म्हटल्या. रेवाने त्यांच्या कपाळाला रिकामं बोट टेकवलं, दुसऱ्या हाताने हवेतली उसळ वाढली आणि पाणी दिलं.

कमलिनीबाईंनी ते पान कासवाशेजारी लावलं. मग हाक मारली, "सुंदर, इकडे या."

सुंदर हे तिथले मुद्रितं तपासणारे गृहस्थ. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांना वाघ हवा होता, आणि त्यासाठी ते उभं राहून, डोळे मिटून, भसाड्या आवाजात तमिळमध्ये काहीतरी लांबलचक गात होते. शेजारच्या खोलीतल्या दोघी दारात आल्या आणि मग खुर्च्या ओढून बसल्या. साडेबारापर्यंत त्या कार्यालयात दुसरं काम झालं नाही.

"लाटेची कड फार सुरेख जमलीय," सुंदर जाताना रुचिराला म्हणाले. कड कॉफीच्या पेल्याची होती. रुचिराने नम्रपणे मान तुकवली. नाकारायला आवाज नव्हता.

"संध्याकाळी शिवकाशीला जाईल," कमलिनीबाईंनी चाळीस पानं मोजून पाकिटात घातली. सहा कागद मात्र त्यांनी रुचिराच्या हातात परत दिले. "हे नकोत. नियम हिने सांगितले तेच. दुसऱ्याचं पान पाहिजे तर त्याच्याकडे जायचं, गायचं, खायचं, मग मागायचं. चार ओळींत बसतं."

रुचिराच्या मनात बोलायला खूप होतं. गुणांचा तक्ता करायला तिला तीन आठवडे लागले होते. पण पाकीट बंद झालं होतं आणि त्यावर शिवकाशीचा पत्ता होता, त्यामुळे तिला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं, दोन्ही बिनआवाजाचं.

रिक्षात बसताच मोबाइल वाजला. उपेंद्र होता, कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतला. रुचिराने फोन कानाला लावला, मग आठवण होऊन रेवाच्या कानाला लावला.

"बाबा, आईला बोलता येत नाही," रेवा म्हणाली. "हो, गेलो होतो. त्यांना आवडला. छापणार आहेत."

पलीकडून उपेंद्रचा आनंदाचा गलका रिक्षावाल्यालाही ऐकू गेला. त्यानंतर त्याने काहीतरी विचारलं.

"आईचा नाही, माझा खेळ," रेवाने समजावून सांगितलं. "आईने नुसती चित्रं काढलीत."

रुचिराने दुरुस्ती करायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.