हात काढ की कमरेवरचा!

आमच्या समोरचे पंचनाथराव काका रोज सकाळी विठोबाला शिव्या घालत. दार सताड उघडं टाकून, खणखणीत तंजावरी मराठीत. "हात काढ की कमरेवरचा! आयतें खाऊन उभा राहतोस, लाज नाही तुजला, मेल्या काळ्या?" शिव्या संपल्या की कॉफीचा पहिला पेला त्याच्याचपुढे.

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत बाकी सगळी तमिळ वस्ती. त्यांना ते मराठी स्तोत्र वाटे. फुलवाली टोपली खाली ठेवून दारापुढे हात जोडायची. बायका मुलांना परीक्षेच्या दिवशी मुद्दाम तिथूनच न्यायच्या.

मला काकांचा हेवा वाटे. मी देवांची टर उडवणारी पत्रकं काढत होतो. तेव्हा मद्रास राज्यात देवांवरून रान पेटलेलं, आणि श्रद्धा दुखावली म्हणून माणसाला तुरुंगात घालणारा कायदा स्वतंत्र देशात असावा, याची मला चीड होती. "देवाची अब्रू गेली असेल तर फिर्याद देवाने द्यावी," हे माझं आवडतं वाक्य. मला खटला हवा होता. भर कोर्टात त्या कायद्याच्या चिंध्या करायच्या होत्या. पण शेजारच्या नाचियार्कोविल गावचे समया विकणारे माझ्या पत्रकांत समया गुंडाळत. एका माणसाची भावना दुखावेल तर शपथ!

मी मराठी घरातला, पण जनतेची भाषा म्हणून सगळ्यांशी तमिळच बोलायचो. काका मराठीत हाक मारत, मी तमिळमध्ये उत्तर देई. पुढे तेही माझ्याशी तमिळ बोलू लागले, मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागले.

मग पुण्याहून बँकेत बदलून आलेले आपटेसाहेब काकांच्या शेजारी राहायला आले. पहिल्याच सकाळी त्यांना शब्द न् शब्द कळला. दुपारी फिर्याद!

घसा फोडतोय मी, आणि खटला काकांवर?

ठाण्यात दुभाषा म्हणून मलाच बोलावलं. शिव्यांचं तमिळ ऐकून इन्स्पेक्टर कपाळाच्या विभूतीला हात लावून म्हणाले, "तंबी, हे असं म्हणतात? माझी बायको रोज नमस्कार करते रे त्याला!" मग काकांकडे वळून, "अय्या, पुन्हा असं बोलणार नाही एवढं कबूल करा. इथेच मिटवू. नाहीतर कोर्ट."

मी काकांच्या कानाशी लागलो. मराठीत. "कबूल करू नका! मी वकील आणतो. लढू या!"

"लढायचें कशास रे?" काका म्हणाले. "पण कबूल नाही, सांग त्यांस. आमची ही गेल्यापासून घरांत मराठी बोलायास तोच एक उरला. त्याशीं भांडूं नको, तर बोलूं कोणाशीं?"

मी तमिळ शब्द जुळवत होतो, तोवर कोपऱ्यात बसलेले आपटेसाहेब उठले. "राहू द्या हो," ते मराठीतच म्हणाले. त्याचंही तमिळ मीच केलं. माझं भाषण खिशातच राहिलं, कायदाही जागच्या जागी राहिला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा आवाज आला, "हात काढ की कमरेवरचा! कॉफी निवते."

मी खिडकी उघडली. काकांच्या ओट्यापाशी आपटेसाहेब कमरेवर हात ठेवून उभे. ओशाळून त्यांनी हात काढले. "साखर जरा कमी, काका."

"पुण्यांत कडूच पितात काय?"

विठोबाचा पेला आत ठेवलेला होता. ओट्यावर दोन होते, आणि दोघं हसत होते. मला राहवलं नाही. खिडकीतूनच मी मराठीत हाक मारली, "काका, बरे आहात ना?"

काकांनी वर पाहिलं, आणि नेहमीच्या अदबीने तमिळमध्ये विचारलं, "काय हवं, तंबी?"