उसनं रक्त

मोतीबिंदू काढणं माझ्या लेखी नखं काढण्याइतकं सोपं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू काढलेत आणि परत बसवलेत. डोळ्यातलं एक भिंग बदलायचं, त्यात काय एवढं! पण बदलायला हवं होतंच. गेल्या महिन्यात एका घड्याळात मी तासकाटा आणि मिनिटकाट्याची अदलाबदल केली आणि ते गिऱ्हाईक बिचारं कामावर तीन तास आधी जाऊन बसलं. असे आणखी दोघं-तिघं निघाले असते, तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला मधुमेह आहे. साखर आटोक्यात नसेल तर जखम लवकर भरत नाही, जंतू शिरायची भीती असते. तीन महिने पथ्य पाळा, रोज सकाळी साखर तपासून वहीत लिहा. मग तारीख देते."

तपासायला माझी ना नव्हती, फक्त बोट माझं नको होतं. सुईला मी घाबरत नाही, हे आधीच सांगतो. आकड्याला घाबरतो.

माझ्या दुकानाशेजारच्या गाळ्यात मेव्हणा व्यायामशाळा चालवतो. सगळे त्याला पैलवान म्हणतात. दंड असे की सदऱ्याच्या बाहीची शिवण महिनाभर टिकत नाही.

"रोज तुझ्या रक्ताचा एक थेंब दे," मी त्याला म्हणालो. "ताईला सांगायचं नाही."

"भाऊजी, रक्त बघितलं की मला चक्कर येते."

"मग बघू नकोस."

तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मी नवी सुई टोचायचो. यंत्रावर तीन आकडे उमटायचे, सगळे धूसर. पण पैलवानाच्या रक्तात पहिला आकडा 'एक'च असणार, त्यात बघायचं काय? पुढचे दोन मी अंदाजाने ठरवायचो. वहीत एकशे दहा, एकशे बारा, अगदी मोत्यासारख्या अक्षरात.

वही बघून बायकोला हुरूप आला. रोज उकडलेल्या भाज्या आणि संध्याकाळी तासभर चालणं. कुरकुर केली तर बिंग फुटेल, म्हणून मी मुकाट्याने गिळत होतो आणि चालत होतो.

तीन महिन्यांनी बायकोबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "छान. यंत्र आणलंय ना? त्यात जुने सगळे आकडे साठलेले असतात."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं. "दोनशे ऐंशी. दोनशे शहाण्णव. तीनशे चार. काका, वहीतले एकशे दहा कुठून आले? अशा साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मला सगळं धूसर दिसत होतं, तरी ते बघणं लख्ख दिसलं. डोळा वाचवायचा तर तोंड उघडणं भाग होतं.

"रक्त माझं नाही," मी म्हणालो. "तुझ्या भावाचं आहे."

"माझ्या भावाला तीनशे साखर?" तिने तिथूनच त्याला फोन लावला. अर्ध्या तासात पैलवान हजर. त्याने सवयीने भिंतीकडे तोंड केलं आणि बोट पुढे केलं. तीनशे दहा! मग माझंही रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. तीन महिन्यांची माझी सरासरी अगदी आटोक्यात होती. उकडलेल्या भाज्यांनी काम केलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

ऑपरेशन झकास झालं. परवा मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू पहिल्या फटक्यात बसवला. बायको येईल त्याला सांगते, "यांच्यामुळे माझ्या भावाचा आजार वेळेवर कळला." मी नम्रपणे मान हलवतो.

पैलवान आता जेवायला आमच्याकडेच असतो. त्याच्याही ताटात उकडलेल्या भाज्याच. रोज सकाळी बायको टेबलावर दोन नव्या सुया मांडते. "चला, दोघांनी बोटं पुढे करा. आकडा मी वाचणार."

मग आम्ही दोघंही भिंतीकडे तोंड करून बसतो.