शर्यतीचे आठ पाहुणे बेपत्ता

माझं नाव ऐकलं की सांगली-साताऱ्याच्या गुन्हेगारांना घाम फुटतो, असं माझं मत आहे. मी इंद्रजित, खाजगी गुप्तहेर. नजर तीक्ष्ण, स्मरणशक्ती अफाट. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही; फक्त तो कुणाचा होता हे कधीकधी आठवत नाही. गेल्या वर्षी गावच्या पाण्याच्या टाकीचं झाकण चोरीला गेलं, तेव्हा ते चोरीला गेलंय याचा छडा मी तीन दिवसांत लावला होता.

तासगाव-कुंडल रस्त्यावरच्या आमच्या गावची जत्रा म्हणजे घोडागाड्यांची शर्यत. त्या दिवशी मी खिसेकापूंवर पाळत ठेवायला सकाळपासून फाट्यावर उभा होतो. वेष धनगराचा: पांढरी दाढी, आणि घोंगडं माझा सहायक धुळा याचं. धुळाची स्वतःची चाळीस मेंढरं आहेत, त्यामुळे माझ्याकडे तो फावल्या वेळातच येतो.

“आवं, येणारा-जाणारा तुमास्नी ‘इंद्रजितराव, रामराम’ म्हणतोय,” तो म्हणाला. “ह्येला येशांतर म्हंत्यात व्हय?”

तेवढ्यात एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. गॉगल लावलेल्या एका बाईंनी वाट विचारली. माझं लक्ष एका संशयित फुगेवाल्याकडे होतं. जत्रेला कुणीही कुणालाही जे सांगतो तेच सांगून मी गाडी वाटेला लावली.

दीड वाजता क्रांती धापा टाकत आली. भाऊसोंची ही मुलगी सहा वर्षं पुण्याच्या मोठ्या हॉटेलात आचारी होती. आता गावी येऊन तिनं वडिलांच्या बेदाणा शेडमध्ये शर्यतीच्या पाहुण्यांसाठी फाइन डायनिंग काढलं होतं.

“दादा, पुण्याची आठ मानसं गायब हायत. बाराला यायची हुती. जत्रंत फोन लागंना.” तिनं एप्रनला हात पुसले. “वडलांनी बजावलंय, पावणं खुशीत जेवलं तरच शेड माझं. न्हाईतर सोमवारपास्नं तितं द्राक्षं वाळणार.”

मला पोरीचं खरंच वाईट वाटलं. मी भिंग काढलं.

शेडमध्ये पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर मोठ्या बशा मांडल्या होत्या. प्रत्येक बशीच्या मधोमध चमचाभर काहीतरी.

“कुणीतरी आदीच खाल्लंय,” धुळा म्हणाला.

“न्हाई. ह्यो पयला कोर्स हाय. असं सात येत्यात,” क्रांती म्हणाली.

बोटांचे ठसे घ्यायला मी एका बशीवर टाल्कम पावडर फुंकली. क्रांतीनं ती बशी परत धुवायला नेली.

माझा पहिला संशय हंबीररावांवर. त्यांचा मटणाचा ढाबा फाट्यावरच आहे, म्हणजे हेतू, संधी आणि कढई तिन्ही हजर. हंबीरराव पळी हालवत म्हणाले, “गड्या, हितं मानसं हुबी ऱ्हाऊन जेवत्यात. पळवलेली कुटं बसवू?”

मग मी ताडलं, की हे पाहुणे नव्हतेच. पहिल्या नंबरचा घोडा पळवायला आलेली ती टोळी होती. आम्ही मैदानावर गेलो. शर्यत चारला होती, सगळे घोडे जागेवर होते, आणि त्यातल्या एकानं माझी दाढी हरभऱ्याचा भुसा समजून ओढून खाल्ली.

तिसरा निष्कर्ष मी क्रांतीलाच ऐकवला: पाहुण्यांनी मोबाइलवर बशीचा फोटो बघितला असावा आणि उपासमारीच्या भीतीनं ते परत गेले असावेत. ती खुर्चीवर बसून नॅपकिनच्या घड्या मोडत राहिली. ते मी बोलायला नको होतं.

उपाशीपोटी बुद्धी चालत नाही, म्हणून आम्ही माझ्या घरी जेवायला निघालो. दारात ती टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती.

“बघ,” मी धुळाला म्हणालो, “कुणाला संशय येऊ नये म्हणून गाडी मुद्दाम माझ्याच दारात लावलीय. गुन्हेगार हुशार आहे.”

“लयच हुशार हाय,” धुळा म्हणाला.

आत सतरंजीवर आठ माणसं बसली होती. दोघांनी पट्टे सैल केले होते. माझी आई, रंगुबाई, त्यांच्या ताटांत रस्सा ओतत होती.

“आई, ही कोण?”

“तुजंच पावणं की रं. तूच धाडलीस न्हवं?”

गॉगलवाल्या बाईंनी माझं घोंगडं ओळखलं. “हेच ते आजोबा! म्हणजे दाढी होती तेव्हाचे. म्हणाले, आधी घरी जेवून जावा, पिंपळामागचं निळं दार. आम्हाला वाटलं, हेच ते फाइन डायनिंग.”

जत्रेच्या दिवशी आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिल्यांदा ‘जेवून जावा’ म्हणतात आणि मग वाट सांगतात. ते माझ्या तोंडून कधी गेलं, मलाच कळलं नव्हतं. माझं वेषांतर मात्र एका बाईंना पटलं होतं.

“आगं पण तू इचारायचं तरी, कोण म्हणून!”

“जत्रंत नाव इचारून वाडत्यात व्हय?” आई म्हणाली.

धुळानं क्रांतीला बोलावून आणलं. तिनं आठ ताटं बघितली, तिसरी भाकरी बघितली आणि उंबऱ्यावरच बसली. “पाटं चारला उठून सात कोर्स केलं मी,” एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं पातेलं खाली ठेवलं. “एका मानसाला किती वाडतीस गं तू?”

क्रांतीनं बोटांनी चमचाभर दाखवलं.

“मग दिस मावळताना तेवडंच जाईल की त्येंच्या पोटात.”

पाहुण्यांनी शर्यत बघितली आणि सहाला शेडकडे हळूहळू चालत आले. सातही कोर्स त्यांनी मन लावून खाल्ले. पाचव्याला एक गृहस्थ म्हणाले, याच्यापेक्षा चमचाभर जास्त असतं तर सोसलं नसतं. भाऊसो दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी स्वतःसाठी एक बशी मागितली, ती दोन घासांत संपवली, थोडा वेळ भाकरीची वाट बघितली, आणि बाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, “द्राक्षं औंदा धाकल्या भावाच्या शेडात टाका.”

क्रांती आत जाऊन रडली आणि तोंड धुऊन सातवा कोर्स घेऊन आली.

गुन्हेगार सापडला होता, तेव्हा शिक्षा आलीच. आठ माणसं, सात कोर्स, छप्पन्न बशा, वर भाऊसोंची एक. त्या मी घासल्या. शेवटची बशी दिव्यापुढे धरून भिंगातून तपासली, तर तिच्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. माझेच होते.