मीटरमधले दोनशे ऐंशी

कंपनीच्या एका मेलने तेजस वर्तकची झोप उडवली. कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्यांनी दोनपैकी एक निवडायचं होतं: महिन्याला सरसकट नऊ हजार गाडीभत्ता, नाहीतर कामासाठी धावलेल्या दर किलोमीटरला नऊ रुपये. उत्तर महिनाअखेरीला द्यायचं आणि मग वर्षभर बदल नाही. तेजस गोदामांतले वजनकाटे दुरुस्त करायचा. आज कामण, उद्या भिवंडी. मेथीची जुडी घेतानाही तीन ठिकाणी भाव विचारणारा हा गृहस्थ असा डोळे झाकून थोडाच निवडणार!

"भत्ता घे," जयवंतीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"आई, हे हिशोबाचं काम आहे. महिनाभर मोजतो, मग ठरवतो."

"मोज बाबा. पण घे भत्ताच."

तेजसने वही केली. रोजची प्रत्येक फेरी तिच्यात उतरू लागली. गाडी फक्त कामालाच निघायची. सुट्टीच्या दिवशी तो ती पुसायचा आणि लांबून बघायचा. दोन महिन्यांपूर्वी आईने "मला शिकव की" म्हटलं, तेव्हा त्याने हसून वाटेला लावलं होतं. "या वयात? रिक्षा आहेत की!"

पण त्या महिन्यात गाडीचं काहीतरी बिनसलं. सकाळी बसायला जावं तर सीट पुढे सरकलेली, गुडघा सरळ स्टिअरिंगवर. पेट्रोल लवकर संपायचं. घरात वेलची केळ्यांचे घड मात्र वाढत चालले. केळ्याची भाजी झाली, शिकरण झालं, शेजारी वाटून झाली.

"ही येतात कुठून?" त्याने विचारलं.

"कॅथरिन देते. सकाळी आम्ही दोघी चालायला जातो ना." कॅथरिन म्हणजे आईची किनाऱ्यावरच्या वाडीतली बालमैत्रीण. तिने वीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती आणि आता ती गोखिवऱ्यात यांच्याच इमारतीत राहायची.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा तेजसने वही आणि मीटर समोरासमोर ठेवले. महिन्याचे किलोमीटर वही म्हणे आठशे साठ, मीटर म्हणे अकराशे चाळीस. वही खरी असेल तर भत्ता फायद्याचा, मीटर खरं असेल तर किलोमीटरचा दर. मेकॅनिकने मीटर ठोकून पाहिलं आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं.

"मग कुणीतरी गाडी नेतंय," तेजस म्हणाला.

बायको, दिशा, खोकल्याचं निमित्त करून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून तेजस मागच्या सीटवर चादर ओढून आडवा झाला. आणि त्याला चक्क डुलकी लागली.

जाग आली ती धक्क्याने. गाडी चालत होती!

"क्लच हळू सोड गं जयवंती! माणिकपूरचा नाका आहे, रिक्षावाले आडवे येतात!"

"येऊ देत. घाबरतील तेच!"

चादरीखाली तेजसला घाम फुटला. उठावं तर आई दचकेल आणि गाडी एखाद्या दुकानात शिरेल. त्याने श्वास रोखला, आठवतील तेवढे देव आठवले. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की गियर अलगद पडतायत आणि वळणं त्याच्यापेक्षा सफाईने घेतली जातायत. गाडी किनाऱ्यावरच्या त्या वाडीत थांबली. मागचं दार उघडलं आणि केळ्यांचा भला थोरला घड त्याच्या पोटावर आदळला.

"आई गं!"

"जेझू!" कॅथरिन दोन पावलं मागे उडाली.

जयवंतीबाई मात्र शांत होत्या. त्यांनी शिकाऊ परवाना पुढे केला. "नीट बघ. कॅथरिन रोज शेजारी बसते, पुढे-मागे लाल एल लावतो. उद्या टेस्ट आहे. तुझ्या बाबांनाही विचारलं होतं मी. तेही म्हणाले होते, रिक्षा आहेत की."

तेजसला भारी शरम वाटली आणि त्याहून भारी अभिमान वाटला. त्याने आईला मिठी मारली. मधे केळी होती, ती चेंगरली. घरी येऊन त्याने वहीत दोनशे ऐंशी किलोमीटर आईच्या नावावर टाकले आणि 'भत्ता' कळवून टाकलं.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते," जयवंतीबाई म्हणाल्या.

त्या टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाल्या. परवाना हातात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कामणच्या गोदामापाशी वॉचमनने रजिस्टर उघडलं. "ड्रायव्हरचं नाव?"

डाव्या सीटवरून तेजसने तोंड उघडलं, तोवर उजवीकडून खणखणीत उत्तर गेलं. "जयवंती प्रल्हाद वर्तक."

तेजस पान्यांची पेटी घेऊन खाली उतरला. आईने लगेच गाडी वळवली.

"अगं, कुठे निघालीस? मला दुपारी भिवंडीला जायचंय!"

"शेअर रिक्षा मिळेल की. मी आणि कॅथरिन विरारला जीवदानीच्या दर्शनाला जाऊन येतो." त्यांनी आरसा नीट केला. "किलोमीटर घेतले असतेस, तर रोज मीटर दाखवावं लागलं असतं. आता कोण विचारतंय?"

आणि गियर अलगद टाकून त्या निघून गेल्या.